मासा, माशी आणि रानकोंबडा

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक चिमुकली वस्तू आली आणि फराळाची ताटे बाजूला ठेवून सारे घर तिच्याभोवती गोळा झाले. आमचे एक स्नेही बरीच वर्षे स्कॉटलंडात राहून परतले होते. त्यांनी भेट म्हणून काचेच्या झाकणाची एक चपटी डबी आणली. डबीत पांढऱ्या कापडावर बोटाच्या दोन पेरांएवढे काहीतरी टाचलेले होते. पिवळे, काळे, निळे, तांबडे असे किती रंग त्यात होते ते मोजवत नव्हते. मधल्या भागावर चंदेरी बादल्याचे वेढे होते, वर सोनेरी तुरा कमानीसारखा वाकलेला होता आणि दोन्ही बाजूंना मीनाकाम केल्यासारखा एकेक पांढुरका, चकचकीत ठिपका होता.

आई चष्मा लावून म्हणाली, "कुडी दिसतेय. पण एकच कशी?" धाकट्या पुतणीला ते फुलपाखरू वाटले. आमचे मामा कोयनेच्या खोऱ्यातले. त्यांनी डबी हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि त्या पांढुरक्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले, "बाकीचं मला कळत नाही. पण हे पीस मी ओळखतो. रानकोंबड्याच्या मानेचं आहे हे. आमच्या रानातल्या."

स्नेही चकितच झाले. "बरोबर ओळखलंत, मामा. आणि ही कुडी नाही आणि फुलपाखरूही नाही. ही माशी आहे. माशानं तोंडात धरावी म्हणून केलेली माशी."

"मग त्यासाठी कोंबड्याला मारलं का?" पुतणीने विचारले.

स्नेही क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "बाळ, त्याचं उत्तर एका वाक्यात देता यायचं नाही."

खरोखरच ते एका वाक्यात देता येत नाही. त्या दिवसानंतर मी मिळेल ते वाचत गेलो, तेव्हा ध्यानात आले की या दोन पेरांच्या वस्तूत गेल्या दोनशे वर्षांचा केवढा तरी इतिहास गुंडाळलेला आहे. त्यात नद्या आहेत, गलबते आहेत, हौस आहे, कारागिरी आहे आणि थोडे पापही आहे. ती हकीकत वाचकांपुढे ठेवतो.

*

प्रथम माशाची ओळख करून घेतली पाहिजे. आपल्या बाजारात रावसाला कौतुकाने 'इंडियन सामन' म्हणतात, पण तो मान उसना आहे. रावसाचे कूळ निराळे, सामनचे निराळे. खरा सामन हा उत्तर अटलांटिक महासागराचा आणि त्याला मिळणाऱ्या थंड नद्यांचा मासा. स्कॉटलंडातल्या ट्वीड, टे, स्पे आणि डी या नद्या, आयर्लंडातल्या शॅनन आणि अर्न, नॉर्वेतले खळाळते प्रवाह ही त्याची माहेरघरे. नदीच्या वाळूगोट्यांत अंडी फुटतात. पिल्ले दोन-तीन वर्षे त्याच पाण्यात वाढतात आणि मग समुद्राची वाट धरतात. ग्रीनलंडपर्यंतच्या पाण्यात खाऊन-पिऊन पुष्ट झाली की ती परत फिरतात आणि हजारो मैलांच्या दर्यातून नेमकी आपल्या जन्माची नदी हुडकून काढतात. त्या पाण्याचा वास त्यांच्या ध्यानात राहिलेला असतो, असे शास्त्रज्ञ सांगतात.

आता यातली मौज पाहा. समुद्रातून नदीत शिरलेला सामन खाणे सोडून देतो. अंडी घालण्याचा काळ येईपर्यंत कित्येक महिने तो अंगच्या चरबीवर काढतो. म्हणजे ज्या वेळी माणूस काठी घेऊन त्याच्यासाठी काठावर उभा असतो, त्या वेळी त्या माशाचा कडकडीत उपास चालू असतो! आणि तरीही कधीकधी तो पाण्यातून सरकणाऱ्या रंगीत पिसावर झडप घालतो. का घालतो? रागाने, सवयीने, की लहानपणी नदीत किडे खाल्ल्याच्या आठवणीने? यावर सव्वाशे-दीडशे वर्षे वाद चालला आहे आणि माशाने अजून साक्ष दिलेली नाही.

गळाला पिसे बांधण्याची युक्ती मात्र फार जुनी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या सुमारास एलियन नावाचा रोमन ग्रंथकार होऊन गेला. मॅसिडोनियातले लोक नदीतले ठिपकेदार मासे कसे धरतात, हे त्याने लिहून ठेवले आहे. गळाला तांबडी लोकर गुंडाळायची आणि तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसे बांधायची. काठी सहा फूट आणि दोरीही तेवढीच. एवढाच सारा सरंजाम. कोंबड्याचे पीस तेव्हापासून या उद्योगात आहे, हे लक्षात असू द्या.

इंग्लंडात १४९६ साली गळाच्या मासेमारीवर एक छोटे पुस्तक छापले गेले. त्यात महिन्यांच्या हिशेबाने बारा माश्या सांगितल्या आहेत. (माश्या म्हणजे खोट्या माश्या. मासा आणि माशी यांत आपल्या भाषेत फरक थोडाच, तेव्हा वाचकांनी जरा सांभाळून वाचावे.) या माश्या पाण्यावर उडणाऱ्या खऱ्या किड्यांच्या नकला होत्या. ट्राउट नावाचा मासा किडे खातो, तेव्हा नक्कल जितकी हुबेहूब तितकी चांगली, असे साधे गणित होते. पण उपाशी सामनला कशाची नक्कल दाखवायची? या प्रश्नाला उत्तर नव्हते आणि म्हणूनच सामनची माशी पुढे किड्यापासून दूर दूर जात राहिली.

तरी आरंभ साधाच होता. १८४३ साली विल्यम स्क्रोप नावाच्या गृहस्थाने ट्वीड नदीवरल्या सामनच्या शिकारीवर एक मोठे रसाळ पुस्तक लिहिले. त्यात त्याने अवघ्या सहा माश्या दिल्या आहेत. त्यांची नावे मजेदार आहेत. एक 'मोठ्या तोंडाची मेग', तर दुसरी 'नटलेली मेग'. पण नटून नटणार किती? लोकर, जनावरांचे केस, रानबदकाची आणि टर्कीची पिसे हीच सामग्री. रंग मातकट. गावच्या शिवारात आणि परसात जे मिळेल त्यावर भागवण्याचा तो काळ होता.

*

हा साधेपणा आयर्लंडने मोडला. तिकडचे कारागीर झगमगत्या रंगांच्या माश्या बांधीत. विल्यम ब्लॅकर हा त्यांच्यातला एक. त्याने लंडनच्या सोहो भागात दुकान थाटले आणि १८४० नंतरच्या वर्षांत आपल्या कलेवर पुस्तकही प्रसिद्ध केले. जुन्या स्कॉटिश मंडळींनी या आयरिश झगमगाटाकडे पाहून नाके मुरडली. पण हौसेपुढे नाके किती दिवस मुरडलेली राहणार?

त्यातच काळ अनुकूल आला. आगगाडी झाली आणि लंडनचा धनिक स्कॉटलंडच्या नदीकाठी सहज पोचू लागला. नदीचे पट्टे मोठमोठ्या भाड्याने दिले जाऊ लागले. साहेबाबरोबर काठावर हिंडणारा, पाण्याची नस ओळखणारा स्थानिक जाणकार नोकर असे. त्याला तिकडे 'गिली' म्हणतात. आणि लंडनच्या गोद्यांत साऱ्या जगातून पिसे येऊन पडत होती. ती मुख्यतः बायकांच्या टोप्यांसाठी येत. मिंसिंग लेन या रस्त्यावर त्यांचे लिलाव होत. त्या मोठ्या व्यापाराच्या कडेकडेने माशी बांधणाऱ्यालाही दक्षिण अमेरिकेचे आणि चीनचे पीस मिळू लागले.

या साऱ्यातून जन्मलेली सर्वांत प्रसिद्ध माशी म्हणजे 'जॉक स्कॉट'. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लॉर्ड जॉन स्कॉट यांच्या पदरी त्याच आडनावाचा जॉन स्कॉट नावाचा माणूस होता. धन्याबरोबर नॉर्वेला जाताना जहाजावर वेळ जाईना, म्हणून त्याने ही माशी बांधली, अशी कथा सांगतात. जॉनला स्कॉटलंडात लाडाने जॉक म्हणतात. म्हणून माशीला नोकराचे नाव मिळाले. अशा गोष्टींत बहुधा धन्याचे नाव राहते. इथे नोकराचे राहिले, ही त्यातली गोड गोष्ट.

आमच्या डबीतली माशी ती हीच. तिची घडण पाहण्यासारखी आहे. गळाच्या दांडीवर मागून पुढे यायचे. प्रथम चंदेरी बादल्याचे दोन-चार वेढे आणि पिवळे रेशीम. मग शेपटी. तिला चीनच्या सोनेरी फेझंटच्या डोक्यावरचा तुरा आणि 'इंडियन क्रो'चे केशरी-तांबडे पीस. नाव ऐकून आपला कावळा डोळ्यांपुढे आणू नका. हा पक्षी भारतातलाही नाही आणि कावळाही नाही. तो दक्षिण अमेरिकेच्या रानातला, फळे खाणारा. त्याच्यामागे शहामृगाच्या काळ्या तंतूंचा झुबका. शरीराचा मागचा अर्धा भाग पिवळ्या रेशमाचा, त्यावर बारीक बादल्याचे वेढे आणि त्याच्या टोकाशी टूकन पक्ष्याची पिवळी पिसे वर-खाली. पुढचा अर्धा भाग काळ्या रेशमाचा, त्यावर रुंद बादला आणि काळ्या कोंबड्याच्या मानेचे पीस गोल फिरवलेले. गळ्याशी गिनी कोंबडीचे ठिपकेदार पीस. पंखाला टर्की, मोर, रानबदक, निळा-पिवळा रंगवलेला हंस, तांबडा मकाऊ पोपट आणि आपल्या माळढोकाच्या कुळातला बस्टर्ड. वर सोनेरी तुऱ्याची कमान, गालावर कोटिंगा पक्ष्याचे आभाळी निळे पीस, मकाऊच्या दोन तंतूंची शिंगे. आणि बाजूला दोन डोळ्यांसारखी, आपल्या सह्याद्रीतल्या रानकोंबड्याच्या मानेची दोन पिसे.

आशिया, आफ्रिका, युरोप आणि दोन्ही अमेरिका, एवढ्या खंडांचे डझनाहून अधिक पक्षी त्या दोन पेरांवर बसले आहेत. गळ बहुधा इंग्लंडातल्या रेडिच गावचा. हे गाव सुया आणि गळ यांसाठी प्रसिद्ध होते. दोरी अडकवायची कडीसुद्धा पूर्वी रेशमाच्या किड्याची असे. स्पेनमधल्या मुर्सिया प्रांतात किडा व्हिनेगरमध्ये बुडवून त्याच्या पोटातली रेशमाची ग्रंथी ताणून काढीत. सुकली की तिचा तारेसारखा बळकट धागा होई.

या साऱ्यात अवघड काम पंखाचे. निरनिराळ्या पक्ष्यांच्या पिसांचे दोन-दोन, चार-चार तंतू सोडवून ते एकमेकांशेजारी असे जोडायचे की जणू निसर्गानेच एक सप्तरंगी पीस घडवले. या जोडण्याला तिकडे चक्क 'लग्न लावणे' म्हणतात. गोंद नाही, शिवण नाही. पिसाच्या तंतूंना अतिशय सूक्ष्म आकडे असतात. आघाड्याचे तुरे जसे धोतराला चिकटून येतात, तसे हे आकडे शेजारच्या तंतूला धरून ठेवतात. बोटांनी हलके चोळले की पोपटाचा तंतू हंसाच्या तंतूशी जुळतो. अट एकच. पिसाच्या डाव्या अंगाचा तंतू डाव्याशीच जुळतो, उजवा उजव्याशीच. आपल्याकडे सगोत्र विवाह वर्ज्य. येथे मात्र सगोत्राशिवाय लग्न टिकत नाही!

*

या कलेला शास्त्राचे रूप दिले ते जॉर्ज केल्सन याने. हा केंट परगण्याकडून क्रिकेट खेळलेला गृहस्थ. १८९५ साली त्याने सामनच्या माशीवर एक जाडजूड ग्रंथ काढला. त्यात सुमारे ३०० माश्यांची कृती आणि रंगीत चित्रे होती. पिसे नेमकी कोणती, कोणत्या क्रमाने, किती तंतू, याबद्दल तो सोवळ्यातल्या भटजीसारखा काटेकोर होता. या नदीला ही माशी, त्या नदीला ती; उन्हाला ही, ढगाळ दिवसाला ती. एखादे पीस चुकले तर तो मोठा अपराध.

आता वाचक विचारतील, की एवढे केल्यावर मासे तरी अधिक मिळत होते काय? याचे उत्तर पुढे डी नदीच्या काठी मिळाले. केर्न्टन येथे आर्थर वुड नावाचे एक गृहस्थ पहिल्या महायुद्धाच्या सुमारापासून वीसएक वर्षे सामन धरीत होते. त्यांचे म्हणणे असे, की रंगाला फारसा अर्थ नाही. माशी किती लहान-मोठी आहे आणि पाण्यातून कशी तरंगत जाते, यालाच अर्थ आहे. त्यांनी दोन-तीन साध्या माश्यांवर सारा कारभार चालवला. शेवटी तर गळाच्या उघड्या दांडीला नुसता तांबडा किंवा निळा रंग फासून त्यांनी सामन धरले. ना चीनचा फेझंट, ना ब्राझीलचा पोपट. दुसऱ्या महायुद्धानंतर पिसांच्या जागी जनावरांच्या केसांच्या साध्या माश्या आल्या आणि आज नदीवर मुख्यतः त्याच चालतात.

म्हणजे ही सारी नटवानटव माशासाठी नव्हतीच. ती माणसासाठी होती. दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने आधी गळ गिळला, सामनने नंतर. हे ध्यानात आले, म्हणजे पुतणीच्या प्रश्नाला धार चढते. पोट भरण्यासाठी पक्षी मारणे ही एक गोष्ट. मासा धरण्यासाठी मारणे ही दुसरी. पण ज्या पिसाची माशालाही गरज नाही, त्यासाठी किती पक्षी मारावेत?

*

हा प्रश्न प्रथम बायकांनी विचारला, आणि तो टोप्यांवरून विचारला. माशीला लागणारी पिसे ती किती! खरा संहार टोप्यांसाठी चालला होता. बगळ्यांच्या विणीच्या काळातल्या पांढऱ्या तुऱ्यांसाठी घरटीच्या घरटी ओस पडत होती. १८८९ साली मँचेस्टरजवळच्या डिड्सबरी येथे एमिली विल्यमसन या बाईंनी आपल्या घरी मैत्रिणी जमवून पक्ष्यांच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. रानपक्ष्यांची पिसे घालायची नाहीत, ही तिची शपथ. याच संस्थेला १९०४ साली राजाची सनद मिळाली. ब्रिटनमधली पक्षिरक्षणाची ती सर्वांत मोठी संस्था आहे. १९२१ साली ब्रिटिश पार्लमेंटने पिसांच्या आयातीला बंदी करणारा कायदा केला, तो या चळवळीचे फळ.

आपल्याकडे त्याही आधी पाऊल पडले होते. हिंदुस्थान सरकारने १९०२ सालीच रानपक्ष्यांची कातडी व पिसे परदेशी धाडण्यास मनाई केली. पण कागदावरची मनाई आणि बंदरावरची मनाई यांत अंतर असते. पेट्यांतून, पुडक्यांतून माल जातच राहिला. रानकोंबड्याच्या मानेची कातडी विसाव्या शतकाच्या मध्यानंतरही परदेशच्या बाजारात मिळत असे.

या रानकोंबड्याविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण साऱ्या कथेत आपला माणूस म्हणावा असा तोच. शास्त्रज्ञांनी त्याला सोनेरा या अठराव्या शतकातल्या फ्रेंच प्रवाशाचे नाव दिले आहे. आपण त्याला राखी रानकोंबडा म्हणतो. उत्तरेकडचा तांबडा रानकोंबडा निराळा. हा राखी रंगाचा, आपल्या दक्षिणी मुलखाचा. अबूच्या डोंगरापासून सह्याद्रीच्या रांगेने थेट दक्षिणेपर्यंत त्याची वस्ती. कोयना, चांदोली, राधानगरी ही त्याची रानेच. त्याच्या मानेवरच्या पिसांची दांडी टोकाशी चपटी होऊन मेणाच्या थेंबासारखी चकचकते. एक थेंब पांढरा, एक पिवळसर. जगात दुसऱ्या कुठल्या पक्ष्याला असे पीस नाही. पाण्यात भिजूनही हे पीस आपली चमक सोडत नाही, म्हणून माशी बांधणाऱ्याचा त्याच्यावर एवढा जीव. कोंबडीला ही पिसे नसतात. कोंबड्यालाही ती बारमाही नसतात. विणीचा हंगाम सरला, की पावसाळ्यात तो मानेची ही झूल उतरवतो आणि काही महिने साध्या काळपट पिसांत हिंडतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले. मग परदेशच्या हौशी लोकांनी काय केले? त्यांतल्या काहींनी रानकोंबडे पाळले. आज इंग्लंडात पाळीव रानकोंबड्यांची पिसे कायदेशीरपणे विकली जातात. कोटिंगा आणि इंडियन क्रो यांच्या जागी साध्या पक्ष्यांची रंगवलेली पिसे वापरतात. काचेआडून पाहणाऱ्याला फरक कळतही नाही.

*

पण काहींना तो कळतो आणि तिथेच हौसेचे व्यसन होते. केल्सनची जुनी पुस्तके उघडून, त्यात लिहिलेले नेमके तेच पीस लावायचे असा हट्ट धरणारी मंडळी विसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा निर्माण झाली. यांतले कित्येक जण मासे धरीतच नाहीत. माशी बांधायची आणि काचेत ठेवायची. हौस निरुपद्रवी दिसते. पण २००९ साली तिने एक भयंकर वळण घेतले.

लंडनच्या वायव्येला ट्रिंग नावाचे गाव आहे. तिथल्या संग्रहालयात जगभरच्या पक्ष्यांची जतन केलेली कातडी आहेत. जूनमधल्या एका रात्री खिडकी फोडून २० वर्षांचा एक तरुण आत शिरला. तो मूळचा अमेरिकन, लंडनमध्ये बासरीचे शिक्षण घेत होता आणि सामनच्या माश्या बांधण्यात पटाईत म्हणून नावाजलेला होता. त्याने सुटकेसमध्ये २९९ पक्षी भरले. त्यांत कोटिंगा होते, इंडियन क्रो होते, स्वर्गपक्षी होते. त्यांतले काही तर आल्फ्रेड रसेल वॉलेस याने दीडशे वर्षांपूर्वी मलाय बेटांतून गोळा केलेले होते. डार्विनबरोबर उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा तोच हा वॉलेस. चोरी झाल्याचे महिनाभर कुणाला कळलेच नाही. नोव्हेंबरमध्ये तरुण पकडला गेला, तोवर कित्येक पिसे विकली गेली होती. १७४ पक्षी अखंड सापडले आणि त्यांतल्या १०२ नाच चिठ्ठ्या उरल्या होत्या. त्याच्या मानसिक स्थितीचा वैद्यकीय अहवाल पाहून न्यायालयाने २०११ साली त्याला एक वर्षाची, पण स्थगित ठेवलेली, कैद सांगितली.

चिठ्ठी गेली म्हणजे काय गेले? पक्षी कोणत्या बेटावर, कोणत्या दिवशी मिळाला, हे त्या पायाला बांधलेल्या कागदावर असते. कागद नाही तर पक्षी मुका झाला. ब्रिटनमध्ये शेतावर फवारलेल्या विषाने ससाण्यांच्या अंड्यांची कवचे पातळ झाली, हे १९६० नंतरच्या वर्षांत उघडकीला आले, ते जुन्या संग्रहातली तारीखवार अंडी तोलून पाहिल्यामुळेच. कोणत्या पक्ष्याने उद्या कशाची साक्ष द्यावी, हे आज सांगता येत नाही. आणि ज्या सामनच्या नावाने हे सारे चालले, त्या सामनचीही अवस्था बरी नाही. २०२३ साली ब्रिटनमधला अटलांटिक सामन संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. आज स्कॉटलंडात गळाला लागलेले बहुतेक सामन पुन्हा पाण्यात सोडून देतात.

*

एवढे वाचल्यावर या कलेविषयी मन कडवट व्हावे. माझे झाले नाही, याचे कारण मेगन बॉइड नावाची एक बाई.

१९१५ साली इंग्लंडात जन्मलेली ही मुलगी लहानपणीच उत्तर स्कॉटलंडात ब्रोरा नदीच्या काठी राहायला आली. तिथल्या एका रानरक्षकाने तिला माश्या बांधायला शिकवले. शिकवण्याची रीत अशी, की जुनी माशी उसवायची आणि तीच पिसे लहान गळावर पुन्हा बांधायची. पुढे समुद्राच्या काठी किंट्राडवेल येथल्या एका लहानशा घरात ती एकटी राहिली. घरात वीज नव्हती. खिडकीशी मेज, मेजावर पिसे आणि वर्षानुवर्षे तेच काम. अंगात पुरुषी कोट आणि टाय, केस आखूड कापलेले. राजघराण्यापासून साऱ्यांच्या मागण्या तिच्याकडे येत आणि सगळ्यांना आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागे.

१९७१ साली तिला सरकारी पदक जाहीर झाले. समारंभ राणीच्या महालात. बाईंनी कळवले, की त्या दिवशी कुत्र्याकडे पाहायला कुणी नाही, तेव्हा येणे जमणार नाही! पुढे त्या वेळचे युवराज, म्हणजे आजचे राजे चार्ल्स यांनी ते पदक तिकडेच तिच्या हाती दिले. डोळे अधू झाले तेव्हा, १९८८ साली, तिने काम थांबवले. २००१ साली ती वारली.

एवढ्या आयुष्यात या बाईने कधी मासा धरला नाही. सामन तिला आवडत असे आणि त्याला मारणे तिच्याने होत नसे. तिच्या माश्यांनी हजारो सामन पकडले असतील. ती मात्र खिडकीशी बसून पुढची बांधीत राहिली. यात विसंगती आहे, असे कुणी म्हणेल. आहेच. पण हातातले काम शुद्ध करायचे आणि त्याचा हव्यास मात्र धरायचा नाही, हे त्या बाईला साधले होते. ट्रिंगच्या खिडकीतून शिरलेल्या तरुणाच्या बोटांतही तेवढेच कसब होते. दोघांत उणे-अधिक काय होते, ते कसबात शोधून सापडणार नाही.

यंदा दिवाळीच्या आधी स्नेही पुन्हा घरी आले. मामाही आले होते. पुतणी वर्षभरात उंच झाली आहे, पण प्रश्न विसरलेली नव्हती. स्नेह्यांनी या वेळी सरळ उत्तर दिले. "या डबीतलं पीस पाळलेल्या कोंबड्याचं आहे, इंग्लंडातलं. निळं आणि केशरी पीस रंगवलेलं आहे. पण ज्यांनी ही माशी पहिल्यांदा बांधली, त्यांनी रानातले पक्षी मारूनच बांधली. ते खोटं सांगता येणार नाही."

पुतणीने डबी उचलून पुन्हा बराच वेळ पाहिली. "काका, हे कोंबड्याच्या अंगावर कसं दिसत असेल?"

"ते पाहायचं तर आमच्याकडे ये," मामा म्हणाले. "उन्हाळ्याच्या सुटीत, पण पाऊस लागायच्या आत. एकदा पाऊस लागला की झूल उतरवून ठेवतो गडी. पहाटे उठायला हवं आणि मुळीच बोलायचं नाही. आधी ओरडणं ऐकू येईल. आपल्या कोंबड्यासारखं नाही, तुटकं, मध्येच थांबल्यासारखं. मग जांभळाच्या झाडाखाली उन्हाची तिरीप पडते ना, तिथं येऊन उभा राहतो. मान हलली की सगळे ठिपके एकदम चमकतात."

सुटीला अजून सहा महिने आहेत. पण पुतणीने दिनदर्शिकेवर मे महिन्याचे पान काढून त्यावर खूण करून ठेवली आहे.